एकसष्टावं मत

वरचा कोंड, ता. पोलादपूर
बुधवार, ५ जून २०२४

रितेशला,

आजीचा आशीर्वाद. सध्या अर्धाच पाठवतेय, उरलेला तू फोन उचललास की.

अक्षर ओळखलं असशील. तुझ्याच बायकोचं हाय. भर दुपारी या कोंडात, एवढ्याशा वाडीत, लिहिणारं दुसरं कोण सापडणार मला? तिला बजावलंय, मी बोलेन तेवढंच उतरव, पदरचं काय घालू नको. तिने मान हलवली. मान हलवायला ती हुशार हाय, तोंड उघडायला नाय.

फोनवरच बोलले असते. पण आपल्याकडे रेंज येते ती कातळावर, आणि वाऱ्यामुळे फोनचा आवाज मोठा ठेवला की खालच्या पाच घरांना ऐकू जातं. काल तू रेश्माला काय बोललास ते तिने मला सांगितलं नाय, माझ्या जावेने, चंद्राबाईने सांगितलं. "माहेरी जाऊन राहा," एवढंच ना? की अजून काय होतं? चंद्राबाई म्हणते, तेवढ्यात रेंज गेली. तिला फार हळहळ वाटली.

काल निकाल होता. सोनबा भावोजी सकाळीच पाच-सहा जणांना घेऊन खालच्या गावात टीव्हीपुढे जाऊन बसले. मीही गेले काठी टेकत. मोतीबिंदूने दिसत नाय, पण ऐकू तर येतं. टीव्हीवरची बाई दिवसभर एकच सांगत होती, महाराष्ट्राने कौल दिला, महाराष्ट्राने कौल दिला. मी विचारलं, "कुठल्या देवाला लावला होता गो? उजवा आला की डावा?" सगळे हसले. भावोजी हसले नाय. नात्याने माझा धाकटा दीर, पण गावकीचा पुढारी झाल्यापासून तो माझाही सासरा झालाय.

अख्ख्या महाराष्ट्रात म्हणे उलथापालथ झाली, मोठमोठे पडले. आपल्या रायगडात निवडून यायचा तो आला, फरक हजारांचा. म्हटलं, झालं, चला घरी. पण संध्याकाळी तो कार्यकर्ता मोटरसायकलवरून आला. तुझा मित्र रे, ज्याला तू मुंबई मंडळाचा सेक्रेटरी म्हणून कोंडाच्या सगळ्या मतांचा शब्द दिला होतास. त्याच्याजवळ अलिबागेहून केंद्राकेंद्राचे आकडे आले होते. आपल्या कोंडात मतं एकसष्ट, पडलीही एकसष्ट. साठ तुम्ही ठरवलेल्या चिन्हाला. एक नोटाला. नोटा म्हटल्यावर मला वाटलं, कोणीतरी पैसे खाल्ले. मग कळलं की सगळ्यात खाली एक बटन असतं, यातला कोणीच नको म्हणून.

कार्यकर्ता भावोजींना म्हणाला, "शंभर टक्के बोलला होतात. मी वर काय सांगू आता? साकव मागणाऱ्या वाड्या काय कमी हायत?"

लाखांनी मतं मोजली आणि एकासाठी गळा काढला. पण आपल्या ओढ्यावर व्हायचा साकव, तो एवढासा पूल, त्या एका मतावर येऊन अडकला म्हटल्यावर सगळे एकमेकांच्या बोटांकडे बघायला लागले. शाई सगळ्यांनाच. पण रेश्माच्या दोन बोटांना. डाव्या हाताला तिच्या मताची, आणि उजव्या हाताला, मला दिसत नाय म्हणून ती माझ्यासोबत आत आली होती, त्याची. भावोजी म्हणाले, "दोन बोटं, दोन मतं. एक सरळ दिलं असशील. म्हातारीच्या मताचं काय केलंस?"

ती बोलली नाय. मी काय बोलले ते विचारू नको.

कोणी दाबलं ते देव जाणे. लिही गो, का थांबलीस? थांबली होती रे जरा. म्हणते, पेन अडकलं.

आणि रित्या, "आजीला दिसत नाय, रेश्माला सोबत पाठवा," असं त्या दिवशी केंद्राच्या दारात कोण म्हणालं होतं? आठव.

आनंदीबाईचा अंगठा

✳

सोमवार, १० जून

रितेश,

पत्र पोचलं का ते कळायला मार्ग नाय. एसटीच्या ड्रायव्हरने पोलादपुरात पेटीत टाकलं म्हणतो. तो खोटं बोलत नाय, विसरतो फक्त.

इकडची हालहवाल. "वाळीत" हा शब्द आता कोणी काढत नाय, कायदा झालाय ना. आता म्हणतात, "जरा लांब राहा." रेश्मा झऱ्यावर गेली की बायांचे हंडे भरलेले असतात. रिकामे असले तरी भरलेले असतात. आपलं दूध खाली न्यायला गणूची जीप हाय, त्याच्या जीपमध्ये आता आपल्या कॅनपुरती जागा नसते. काल तिने दूध डोक्यावरून उतरवलं, ओढ्याला मांडीभर पाणी असताना. मी म्हटलं, दही लावू. ती म्हणाली, "आजी, किती दही खाणार?" आज मी तिसऱ्यांदा कढी जेवले.

चंद्राबाई मात्र मागच्या दाराने विरजण मागायला येते. तिच्या पुढच्या दाराला नवरा, आपले भावोजी, बसलेले असतात.

आता खरं सांगायचं ते. भावोजींनी ठरवलंय, येत्या रविवारी भैरीला कौल लावायचा. सखा गुरव देवाच्या दोन्ही अंगाला ओल्या कळ्या चिकटवणार, आणि विचारणार, हिने म्हातारीचं मत फिरवलं का? उजवी पडली तर हो. हो आलं की तिने कोंड सोडायचा. तुला फोन करून विचारलं, तेव्हा तू म्हणालास म्हणे, "गावकी ठरवेल ते." म्हणालास का रे असं? की भावोजींच्या कानालाही मोतीबिंदू झालाय?

तिला मी विचारलं, तू बोलत का नायस? तर सांगते, आत जाताना तिथल्या साहेबाने कागदावर सही घेतली. आजीचं मत कुठे पडलं ते मी कोणाला सांगणार नाय, अशी. त्या कागदाला ती धरून बसलीय. बारावी शिकलेल्या पोरीचं हे असं. मी म्हटलं, साहेब गेला, पेटी गेली, निकाल लागला, तुला कोण विचारतोय आता? तर म्हणाली, "आजी, तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."

हे शेवटचं लिहू नको म्हटलं तिला. पेनाचा आवाज थांबला नाय. म्हणजे लिहिलंच असणार.

असो. रविवारपर्यंत सहा दिवस हायत.

आनंदीबाई

✳

खालचं गाव
गुरुवार, १३ जून

रितेश,

आज अक्षर दुसरं हाय. अंगणवाडीच्या गौतमीताई लिहितायत. मी दोन तास उतरून खाली आलेय, ओढ्यात दोनदा बसले, एकदा दमून आणि एकदा घसरून. रेश्माला सांगितलं, गुडघ्याचं औषध आणायला जाते. आता जे सांगायचंय ते तिच्या हातून लिहून घेता आलं नसतं. सहीवाली बाई ती.

नोटा माझा हाय.

गौतमीताईंनी मला विचारलं, "आजी, नक्की लिहू?" मतदानाच्या दिवशी रेश्मानेही हेच विचारलं होतं, कानात, दोनदा. मी म्हटलं होतं, दाब गो, मागे लोक खोळंबलेत. तिने दाबलं. मशीन ओरडलं. मला वाटलं, आता बाहेर सगळ्यांना कळलं. पण ते सगळ्यांसाठी तसंच ओरडतं म्हणे.

पहिल्या पत्रात मी म्हटलं की ते बटन असतं हे मला निकालाच्या दिवशी कळलं. ते खोटं. एप्रिलमध्येच मशीन दाखवायला माणसं आली होती, तेव्हा मी रेश्माला विचारून घेतलं होतं, हे सगळ्यात खालचं कशाला?

तू विचारशील, का? सांगते. गावकीची बैठक आठवते? तू मुंबईहून फोनवर होतास, भावोजींनी फोन मध्ये ठेवला होता. त्यांनी उभं राहून बोटाने मोजायला सुरुवात केली. शेरडं वाड्यात घेताना मोजतात ना, तसं. हे घर पाच, ते घर चार. माझ्यापाशी आले, माझ्याकडे बोट केलं, "एकसष्ट," म्हणाले आणि बसले. तू तिकडून म्हणालास, "एकसष्ट फिक्स." मला मोजलं रे तुम्ही. विचारलं नाय. साकवाचा नारळ आतापर्यंत तीनदा फुटला, तिन्ही वेळा खोबरं मी वाटलं. चौथ्यांदा वाटायचं की नाय, एवढं तरी विचारायचं. बाकी त्या उमेदवारांचं माझ्याशी वैर नाय. एकाचाही चेहरा मला दिसलेला नाय.

म्हटलं, एवढ्या मोठ्या ढिगात माझं एक कोणाला सापडतंय. आणि इथेच मी चुकले. मला वाटलं, सगळ्या रायगडाची मतं एका कणगीत ओततात आणि मग मापतात. महाडचा दाणा कुठला, उमरठचा कुठला, कोण ओळखणार? वाडीवाडीचं वेगळं मापून कागदावर लिहितात, हे मला कोणी सांगितलं नाय. ठाऊक असतं तर दाबलं नसतं. की दाबलं असतं? पण मग त्या पोरीला सोबत नेलं नसतं. आंधळी तशीच गेले असते चाचपडत.

गौतमीताई सांगतात, रायगडात हजारो लोकांनी तेच बटन दाबलंय. म्हटलं, त्यांना काय, ते गर्दीत हायत. मी एकटी सापडले.

आता तू विचारशील, नऊ दिवस गप्प का बसलीस म्हातारे? हे सांगायलाच एवढी उतरले. मी भ्याले. तुझ्या आजोबांच्या थोरल्या भावाला गावकीने बाहेर टाकलं होतं, तुझ्या जन्माच्या आधी. तो गेला तेव्हा त्याचे दोन मुलगे होते आणि तिरडीला खांदे लागतात चार. पुढे दोघे, आणि मागे कोणी नाय. शेवटी पोरांनी बैलगाडीत घातला. मी दारातून बघितलं. मला अठ्ठ्याऐंशी चालू हाय रित्या. तुझे आईबाप गेले, तू मुंबईत, तुझ्या जोडीला तीन खांदे कुठून आणणार? म्हणून मी म्हटलं, देव जाणे. आणि ती पोर माझ्यासमोर बसून ते खोटं सुबक अक्षरात लिहीत होती.

रविवारी मी बोलणार हाय. बोलेन असं वाटतंय. गौतमीताई म्हणतात, "वाटतंय नको, नुसतं बोलेन लिहिते." लिहा.

आनंदीबाई

✳

वरचा कोंड
सोमवार, १७ जून

रितेश,

आता गुपित उरलं नाय, म्हणून पुन्हा रेश्मा लिहायला बसलीय. ऐक, काल काय झालं ते.

सकाळी सगळे देवळात जमले. सखाने देवाला आंघोळ घातली, कळ्या भिजवल्या. रेश्माला मध्ये उभं केलं. भावोजी गाऱ्हाणं घालायला लागले, "बा भैरी, वरच्या कोंडाचा शब्द जिने मोडला..." आणि मी उठले. उठले म्हणजे उठायला लागले, गुडघ्यांनी वेळ घेतला. तोवर त्यांचं अर्धं गाऱ्हाणं झालं होतं.

मी म्हटलं, "भावोजी, देवाला चुकीचा प्रश्न घालू नका. ते मत मी दिलं."

कोणी दचकलं नाय रे. मला वाटलं होतं, देऊळ हादरेल. भावोजींनी माझ्याकडे असं बघितलं असणार, लहान पोराकडे बघतात तसं, कारण आवाज तसाच होता. म्हणाले, "वहिनी, नातसुनेवर माया हाय, समजतं. पण तुम्हाला बटन दिसत नाय, वाचता येत नाय. बोट तिचं होतं."

मी म्हटलं, "बोट तिचं, मत माझं. तुमची दाढी न्हावी करतो, म्हणून ती त्याची होते का?"

मागून कोणीतरी खुदकलं. चंद्राबाई असावी.

"तिने शिकवलं तुम्हाला."

"मला नांगर धरायला तुमच्या भावाने शिकवलं, शेरडं विकायला सासूने शिकवलं, गप बसायला तुम्ही शिकवलंत. एक गोष्ट मी आपणहून केली, तर तीही दुसऱ्याची म्हणता?"

आता ते चिडले. सखाला म्हणाले, "प्रश्न बदल. म्हातारी खरं बोलते का, विचार. उजवी पडली तर खरं, डावी पडली तर ही दोन्ही तोंडं खोटी." सखाने कळ्या लावल्या. माझ्या हाताला रेश्माचा हात लागला. थंडगार होता. मी विचारलं, पडली का? ती म्हणाली, नाही. थोड्या वेळाने विचारलं, पडली का? नाही. उजवी नाय, डावी नाय. सखाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. वारा सुटला, दिवा विझला, पुन्हा लावला. कळ्या तशाच. पाऊण तास एवढी माणसं दोन कळ्यांकडे बघत उभी. लहान पोरं झोपली.

शेवटी माझ्या तोंडातून गेलं, "भावोजी, देवानेही खालचं बटन दाबलं."

मग मात्र हसले रे सगळे. सखा गुरवही हसला, देवासमोर. भावोजी ओरडले, "देवाची थट्टा करता?" आणि चंद्राबाई उठून म्हणाली, "मी चुलीवर भात ठेवून आलेय. करपला तर तो कौल मी कोणाला लावू?" ती निघाली, तिच्यामागे बाया निघाल्या.

पण सुटलो नाय आम्ही. जाता जाता भावोजींनी सांगितलं, येत्या रविवारी दहाला पुन्हा बैठक. कौल नाय, माणसं ठरवतील. रेश्माच्या नवऱ्याने यावं आणि सगळ्यांसमोर सांगावं, बायको इथे ठेवायची की पाठवायची. नाय आला, तर आम्ही धरू की पाठवायची.

म्हणजे आता तुझ्यावर आलंय. पोलादपूरला गणू चाललाय, त्याने आज माझं पत्र घेतलं. जीपमध्ये पत्रापुरती जागा झालीय.

माझ्यासाठी येऊ नको. मी तिरडीचं काय ते बघून घेईन, चंद्राबाईशी बोलणं झालंय. ती म्हणते, "बाया देतील खांदा, एवढं काय त्यात. तुम्ही फार जड नाय आता."

आनंदीबाई

✳

शनिवार, २२ जून
ओढ्याकाठी

रितेश,

पलीकडच्या काठावरून फेकलेला तुझा दगड पोचला. नेम चांगला हाय, भावोजींच्या छत्रीवरच बसला.

त्याला बांधलेली प्लॅस्टिकमधली चिठ्ठी रेश्माने मला मोठ्याने वाचून दाखवली. पाण्याच्या आवाजात तिला दोनदा वाचावी लागली. दुसऱ्यांदा वाचताना तिचा आवाज बदलला, ते तुला सांगून ठेवते. तू लिहिलंस, चूक माझी होती, आजीची पत्रं मी तिन्ही वाचली, चौथं हातात पडलं तसा निघालो. हे बरं केलंस. आशीर्वादाचा उरलेला अर्धा यातच बांधून पाठवतेय, भिजू देऊ नको.

पण पुढे लिहिलंस, "रेश्माला घेऊन जायला आलोय. मुंबईला नेतो. पाणी उतरलं की तिने बॅग घेऊन पलीकडे यावं. बैठकीत जायची गरज नाही." आणि ती काय म्हणते, ते विचारायला चिठ्ठीत जागा उरली नाय वाटतं.

मी विचारलं. इथेच, दगडावर बसून, भावोजी ऐकत असताना. तिने चिठ्ठीची घडी घातली. मग म्हणाली, "आजी, गेले तर सगळे म्हणतील, हिनेच केलं होतं, म्हणून पळाली. मी उद्या बैठकीत बसणार. मी काय केलं आणि काय नाही केलं, ते मी सांगणार. तुमचं मत तुम्ही देवळात सांगितलंत, आता माझ्या सहीला बाधा नाही." एवढं लांब बोलताना मी तिला आजवर ऐकलं नव्हतं. भावोजींनीही नसावं. ते छत्री मिटून पावसात उभे राहिले.

मुंबईचं नंतर बघू म्हणते. नाही म्हणत नाय, हो पण म्हणत नाय.

ओढा आज उतरणार नाय. चंद्राबाई म्हणते, परवापर्यंत नाय. तू पँट दुमडून पाण्यात पाय घातलास असं रेश्मा सांगते. बाहेर काढ. ती लिहिता लिहिता उठतेय नि बसतेय, ओळी वाकड्या होतायत.

तिला घरी घेऊन जातो म्हणतोस. ती घरातच हाय रे. पाण्यापलीकडे तू उभा हायस.

वर आंबेनळीच्या रस्त्याने चढ, खिंडीपाशी डावी वाट धर, पाणी आडवं येत नाय. चार तास लागतात. बैठक उद्या दहाला हाय. आत्ता निघालास तर उजेडात पोचशील.

आनंदीबाईचा अंगठा